फुल इन्शुरन्स, बंपर सोडून

...आणि वर विमावाले मलाच विचारतात, "सर, पॉलिसी वाचली नव्हती का?" अहो, बत्तीस पानं! मुंगीएवढी अक्षरं! तीस वर्षं बँकेत लोकांच्या न वाचता सह्या घेतल्या, आज कळलं त्यांना काय वाटत असेल ते. पण तुम्हाला सांगतो, चूक माझी नाही, श्रीनिधीची! आमच्या वेलचेरीच्या बिल्डिंगमधला एजंट. रिटायर झालो, सगळी पुंजी घालून एकच लॉरी घेतली, जॉर्ज टाउनच्या एकाच शेठची हळद वाहायला, तर हा हजर! "अंकल, थर्ड पार्टी कायद्यानं लागतेच, पण ती दुसऱ्यांसाठी! तुमच्या गाडीला फुल घ्या. आग, चोरी, पूर, ड्रायव्हर, माल... टेन्शन वेंडाम!" वेंडाम म्हणजे तमिळमध्ये नको. आणि नेमकं हवं होतं तेच घातलं नाही पठ्ठ्यानं! म्हणे फुल इन्शुरन्स!

तर परवा आयुधपूजा झाली. आपल्या खंडेनवमीसारखीच, पण इथे गाड्यांचा थाट विचारू नका! आमचा ड्रायव्हर सेल्वम, त्यानं लॉरीला केळीचे खुंट बांधले, चंदन फासलं, तोंडावर झेंडूच्या माळा, चमचमते कागद... मग कोहळ्यावर कापूर पेटवून गाडीची दृष्ट काढायची आणि कोहळा रस्त्यावर फोडायचा. हे काम सेल्वमचं. पण माझी बायको, विजयालक्ष्मी! "माझ्या पाटल्या मोडून घेतलीय, मीच काढणार!" काढ बाई! तिसऱ्या फेरीला पेटता कापूर घसरला तो थेट कागदांवर... भडका! मी धावलो, बादल्या ओतल्या, हात भाजला, अर्धी मिशी गेली, पण विझवली! इंजिन वाचलं, केबिन वाचली. गेलं काय? बंपर, दोन्ही दिवे, मडगार्ड आणि रंग. ही रडायला लागली, तर मीच म्हणालो, "रडतेस काय, फुल इन्शुरन्स आहे!" गाढव मी!

आता दिव्यांशिवाय लॉरी हलत नाही आणि सोमवारी हळद निघाली नाही तर शेठ काम दुसऱ्याला देणार. धावत गेलो मैलापूरच्या ऑफिसात. तिथे क्लेम बघणाऱ्या कमलिनी मॅडम.

"बंपर?"

"कमर्शियल गाडीला मिळत नाही, सर."

"दिवे?" "नाही, सर." "मडगार्ड? रंग?" "त्याचा प्रीमियम वेगळा असतो, सर. तुमच्या एजंटनं घेतलेला नाही."

"म्हणजे तोंड सोडून उरलेल्या लॉरीचा विमा?"

"करेक्ट, सर!"

करेक्ट! शाळेत कधी कुणी इतक्या प्रेमानं म्हटलं नाही मला! श्रीनिधीला फोन लावला, तर "अंकल, मीटिंगमध्ये आहे." कसली मीटिंग? आणखी कुणालातरी फुल विकत असणार! ठेवतोय तोवर शेठचा फोन. "कृष्णकांत सार, तुमची लॉरी बंद पडल्याचं कळलं. दुसरा लॉरीवाला आहे राणोजी, त्याची गाडी ठरवली. आता वर्षभर तोच नेणार." संपलं! माझी एक लॉरी, तिचं एक गिऱ्हाईक, तेही गेलं. म्हणे फुल इन्शुरन्स!

मी टेबलावर हात आपटला, नेमका भाजलेलाच. "मॅडम, मग आग लागली तर हे सगळं मिळतं तरी कधी?"

"अख्खी लॉरी जळाली असती तर मिळालं असतं, सर. बंपरसकट, रंगासकट. विझवली कुणी?"

"मी."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि इतक्या कळवळ्यानं म्हणाली, "जरा घाई केलीत, सर."

मी सॉरी म्हणालो.