हरणाला कळतं म्हणे

...आणि हे सगळं कशासाठी, तर हरणाला कळू नये म्हणून. फोडणी बंद, हिंगाची डबी पिशवीत पिशवी घालून बेसमेंटमध्ये, देवापुढे उदबत्ती नाही, मला डोक्याला तेल नाही, गुडघ्याला बाम नाही, आणि एवढं करून भागलं नाही म्हणून एक दिवस नवरा गेस्ट रूममध्ये झोपायला. बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. भांडण नाही, तंटा नाही. मी विचारलं, "काय झालं रे?" तर दारात उभा राहून, मान खाली घालून सांगतो, "शरयू, तुझा वास लागतो अंगाला. हरणाला कळतं."

तुम्हाला सांगते, बाईने सवतीची तयारी ठेवावी म्हणतात, पण ती चार पायांची असेल असं मला कोणी बोललं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या नवऱ्याचा, नंदूचा, आणि हरणाचा संबंध काय? तेच तर मी विचारते. हा डोंबिवलीचा माणूस, सगळा जन्म पुलांची डिझाइनं करण्यात गेला, कोंबडीसुद्धा कापलेली, धुतलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणतो आणि तरी तिच्याकडे बघत नाही. पण रिटायर झाला आणि बसला खिडकीत. आमच्या नेपरव्हिलला सकाळी शिकागोच्या ट्रेनचा भोंगा ऐकू येतो, तो आला की हा घड्याळ बघायचा. जायचं कुठेच नाही, पण घड्याळ बघायचं. मग दिवसभर गप्प. मला भीती वाटायला लागली होती हो, खरंच. असा शांत बसलेला माणूस बघवत नाही.

आणि एक दिवस शेजारच्या गॅरीने दार वाजवलं. वीस वर्षं शेजारी राहतो हा गॅरी, पण ओळख म्हणजे काय, तर बर्फ काढताना, "हाय नंदू, कोल्ड इनफ फॉर यू?" एवढीच. तो म्हणाला, मेहुण्याचं शेत आहे दोन तासांवर, मी तिथे क्रॉसबो, ते बंदुकीसारखं धनुष्य, घेऊन हरणाच्या मागे असतो, येतोस का बरोबर? नंदूचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. शाळेच्या टीमम‌ध्ये शेवटी का होईना पण नाव लागलं ना, तसा. मी म्हटलं, जा बाबा. मीच थर्मॉस भरून दिला. आल्याचा चहा. आणि तिथेच सगळं बिनसलं.

कारण हे दोघं झाडावरच्या मचाणावर बसले, हरीण शेताच्या कडेला आलं, नाक वर केलं आणि शेपटी दाखवून पसार. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. मग गॅरी म्हणाला, बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, पाठीवर हात ठेवून, "नंदू, बडी, डोन्ट टेक इट द राँग वे, बट इट माइट बी द... यू नो... द स्पायसेस."

झालं. नंदू घरी आला तो तोंड पाडून. आणि मला कळलं त्याला काय लागलंय ते. आम्ही इथे आलो तेव्हापासून तो एकच घोर. फोडणी टाकायची तर आधी कोटांचं कपाट बंद, बेडरूमची दारं बंद, जानेवारीत खिडकी उघडी, बोंबील तळायचे तर गराजमध्ये, तेही शेजारी कामावर गेल्यावर. आणि त्याच्या पहिल्या ऑफिसात एकदा कोणीतरी त्याच्या टेबलावर एअर फ्रेशनर ठेवून गेलं होतं. चिठ्ठी नाही, काही नाही. गुलाबाचा. कोणी ठेवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. हा तो घरी घेऊन आला, बाथरूममध्ये ठेवला आणि आम्ही संपेपर्यंत वापरला. फुकट कशाला घालवायचा? पण त्यानंतर तो डबा न्यायचा बंद झाला, कोरडं सँडविच खायला लागला, ते रिटायर होईपर्यंत. माणसांचं एक वेळ ठीक आहे हो. आता हरणालाही कळतं.

मग आलं ते मशीन. ओझोनचं. एक लहान डबा मचाणावर डोक्याशी टांगायचा, तो वाऱ्यावर ओझोन सोडणार आणि माणसाचा वास मारणार म्हणे. एक झिपवाली पिशवी, तिच्यात कपडे घालायचे, नळी जोडायची, कपड्यांचा वास साफ. आणि एक मोठं मशीन, ते खोलीला. वास कसला येतो त्याला, तर कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाचा. मी तीस वर्षं रेस्पिरेटरी थेरपिस्ट होते हो, लोकांना श्वास घ्यायला लावायचा हाच माझा धंदा. मी म्हटलं, "नंदू, हा ओझोन फुफ्फुसाला वाईट असतो." तर मलाच समजावतो, "म्हणून तर मशीन चालू असताना आपण घरात थांबायचं नाही." घ्या. म्हणजे नोव्हेंबरच्या थंडीत आम्ही दोघं म्हातारे ड्राइव्हवेत गाडीत, हीटर लावून, आपल्याच घराकडे बघत बसलोय, आणि घर आत एकटं शुद्ध होतंय.

सावनीला फोन केला, आमची मुलगी, रेडमंडला असते. म्हटलं, बाबांना जरा सांग. तर ती म्हणते, "आई, जस्ट लेट हिम हॅव अ हॉबी, यार." हॉबी? मी आळणी वरण खातेय तीन आठवडे, माझ्या तेलाच्या बाटल्या कचऱ्यात गेल्या, आणि ही म्हणते हॉबी. पण एक सांगू का... ती अगदीच चुकीची नव्हती. नंदू बोलायला लागला होता. वारा कुठून वाहतो, हरणं कुठे झोपतात, गॅरी काय म्हणाला. जेवताना हसायचा. म्हणून मी सगळं सोसलं. हिंग गेला, गेला. उदबत्ती गेली, देव समजून घेईल. पण तो गेस्ट रूममध्ये गेला ना, त्या रात्री मला झोप लागली नाही. अपमान वाटला हो मला. सरळ सांगते, अपमान वाटला. मसाल्याचा वास येतो हे मी चाळीस वर्षं ऐकलं. माझा वास येतो हे घरातल्याने म्हटलं नव्हतं.

मग मी काय केलं? म्हटलं, घे. त्याच्या त्या बिनवासाच्या साबणाने डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ केली. पावडर नाही, क्रीम नाही, काही नाही. माझे कपडे आदल्या दिवशीच त्याच्या पिशवीत घालून, नळी लावून ठेवले होते, ते घातले. आणि दुपारी गेले गराजमध्ये. तो स्टुलावर बसला होता, दाराकडे पाठ, बुटाचे तळवे ब्रशने घासत. मी मागे जाऊन उभी राहिले.

आता तुम्हाला कसं सांगू... हा माणूस, घरात असो, कोणाच्या लग्नात असो, हजार माणसांत असो, मी मागून आले की न वळता म्हणतो, "आलीस?" कायम. मला वाटायचं, पावलं ओळखतो. कधी विचारलंही नाही. तर मी उभी. तो बूट घासतोय. मी उभी. त्याने फोन काढला, वारा बघितला, फोन ठेवला, दुसरा बूट घेतला. म्हटलं, आता म्हणेल. आता म्हणेल. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता, एवढी जवळ होते मी. हरणाला एखाद वेळी कळलंही असतं. ह्याला नाही कळलं.

मला रडू आलं. राग यायचा सोडून रडू आलं. चाळीस वर्षं आम्ही ह्याचसाठी तर धडपडलो होतो ना, की शेजारी जाऊन उभं राहिलं तरी कोणाला कळू नये? जमलं एकदाचं. आणि जमलं कुठे, तर स्वतःच्या घरात.

मी नाक ओढलं तेव्हा तो दचकून वळला, बूट पडला हातातून. "कोण... शरयू? कधी आलीस?"

"मगाशीच."

उठला, जवळ आला, दूध नासलंय का बघतो तसं माझ्या केसांशी नाक नेलं. मग दुसऱ्या बाजूने. म्हणाला, "तुझा वास कुठे गेला?"

म्हटलं, "पिशवीत घातला. आता कसं, कोणालाच कळत नाही."

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, घाबरल्यासारखा. मग तो बूट उचलून पुसत बसला, आधीच स्वच्छ होता तो.

शनिवारी गॅरीबरोबर गेला, जायचं ठरलंच होतं. हरीण काही आलं नाही. येताना इंडियन दुकानाशी गॅरीला थांबवलं म्हणे, आणि खोबरेल तेलाची बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली, अगदी किल्ली ठेवावी तशी, न बघता. मीही लसणीची फोडणी टाकली वरणाला, खिडकी न उघडता. दोनदा वाढून घेतलं त्याने.

जेवण आवरून वर गेले, तर हा आमच्या खोलीत, आपल्या बाजूला, पलंगावर बसून मोजे काढतोय. आता सॉरी हा शब्द हा ऑफिसात दिवसातून दहादा म्हणायचा, पण घरी कधी आणला नाही. मी बघत उभी राहिले, म्हटलं, बघू तरी काय म्हणतो. तर पाठ चोळत म्हणतो, "त्या खोलीतली गादी फार कडक आहे गं."

गादी मी घेतलेली आहे हो. दुकानात स्वतः आडवी पडून, सगळ्यांत मऊ बघून, सावनीच्या सासूबाईंसाठी.

"कडकच आहे ती," म्हटलं. "सरक जरा."