लांब सुरुवातीचा कॉन्चर्टो

तुम्ही हसाल, पण पियानोच्या स्पर्धेसाठी मी मुद्दाम तोच कॉन्चर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राने मिळून वाजवायची रचना, निवडला, ज्याच्या सुरुवातीला बराच वेळ नुसता ऑर्केस्ट्रा वाजतो. आता जबलपुरात ऑर्केस्ट्रा कुठून येणार? त्याचा भाग आमच्या मॅडम दुसऱ्या पियानोवर वाजवणार होत्या.

"पागल है क्या?" मैत्रीण रश्मी म्हणाली. "जजसमोर मांडीवर हात ठेवून बसून राहशील?"

मॅडमनीही विचारलं, "काहून गं? दुसऱ्या कॉन्चर्टोत तर तुला लगेच वाजवायला मिळते."

क्लासमध्ये मॅडम फक्त मात्रा मोजतात. त्यांचं वाजवणं एकदा तरी ऐकावं, असं मला केव्हापासून वाटत होतं.

"यात तुम्ही जास्त वाजवता ना, मॅडम," मी कसंबसं म्हणाले.

त्या माझ्या पियानोपाशी आल्या. म्हणाल्या, "चलो, सरक थोडी."

मी सरकले नाही. स्टूलच सोडून उठले.