डिकीत एक थेंब नाही!

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "फडकं का नाही ठेवलंस गाडीत?" फडकं! तुम्हाला सांगतो, फडक्याचं नुसतं नाव काढलं तरी माझं टाळकं सरकतं. सगळं त्या डिकीमुळे हो! पाऊस थांबलेला असो, लख्ख ऊन पडलेलं असो, झाकण वर केलं रे केलं की त्याच्यावर दबा धरून बसलेलं पाणी घरंगळत येतं आणि थेट आत! बाहेर एवढी जमीन मोकळी पडलीय, पण नाही, त्याला आतच यायचंय!

बरं, आत बटाटे असते तर मी चकार शब्द काढला नसता. आत असतात ताईच्या बाहुल्या. माझी ताई बाहुल्यांचे खेळ करते. कागदाचा लगदा, वर रंग... एक थेंब पडला की राजाची मिशी हनुवटीवर! मागच्या खेळात राणीचे ओठ गळ्यापर्यंत ओघळले, पोरांना वाटलं कुणाला तरी खाऊन आली, पुढची अख्खी रांग रडायला लागली. आणि आता एका शाळेत खेळ. आवडला तर तिथेच नोकरी, कायमची! दारोदार पेट्या घेऊन फिरणं संपलं! ताई मला म्हणाली, "बाळा, तू फक्त बाहुल्या कोरड्या पोचव. बाकी काही करू नकोस."

बाकी काही करू नकोस! मला!

घरात उपाय काय होते, ऐका. बाबांचा उपाय, जुना बनियन. "आधी पुसायचं, मग उघडायचं. त्यात काय एवढं?" आत्याचा उपाय, "वीतभर उघडायचं, थांबायचं, त्याचं त्याला गळू द्यायचं. गाडीलाही माणसासारखं वागवावं रे!" मी म्हटलं, बाबा, पाणी येणार, आपण पुसणार, पुन्हा येणार, पुन्हा पुसणार, हे काय जगणं आहे? मुळाशी कोण जाणार? प्रश्न पाण्याचा नाही, वृत्तीचा आहे! तर बाबा म्हणतात, "वृत्ती कोरडी आहे माझी. डिकी ओली आहे."

अशा घरात सुधारणा करायची, सांगा!

पण केली. झाकणाच्या वरच्या कडेला आडवी रबराची पन्हळ चिकटवली, तिला एका बाजूला मुद्दाम जरासा उतार दिला. सगळ्यांना अंगणात उभं केलं, बादलीभर पाणी ओतलं, झाकण वर... आणि काय सांगू! पाणी शिस्तीत पन्हळीत, पन्हळीतून डावीकडे, डावीकडून धो धो खाली. डिकी ठणठणीत! टाळी? एक नाही. आत्या म्हणते, "डावीकडे कोणी उभं असलं तर रे?" मी म्हटलं, आत्या, डावीकडे म्हणजे बाहेर! आणि बाहेर गेलं की आपला प्रश्न मिटला! वृत्ती, वृत्ती बदला! त्याच आवेशात तो बनियन गाडीतून काढून फेकून दिला.

खेळाचा दिवस. वाटभर मुसळधार. शाळेच्या फाटकात पोचलो आणि पाऊस थांबला. मुख्याध्यापिका बाई स्वतः बाहेर आल्या हो! कडक इस्त्रीचे कपडे, नाकावर चष्मा, छत्री मिटलेली. "बघू तरी तुमच्या बाहुल्या," म्हणत डिकीशी येऊन उभ्या राहिल्या. कुठल्या बाजूला? विचारू नका. ताई दातांत बोलली, "हळू... बाळा, हळू उघड..." मी म्हटलं, ताई, तू बघच! आणि झोकात झाकण वर केलं.

आता बघा, एरवी हे पाणी इकडून चार थेंब, तिकडून चार थेंब असं भरकटत यायचं. मी त्याला एकत्र आणलं होतं. त्याला दिशा दिली होती. आणि त्या दिशेला बाई होत्या! मानेवरून जे आत शिरलं ते थेट बुटातून बाहेर!

बाईंच्या चष्म्यावरून टप... टप... आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "बाई, बघा! आत एक थेंब नाही!"

बाई म्हणाल्या, "आत म्हणजे कोणाच्या?"

ताई गाडीत फडकं शोधते, फडकं कुठाय? गेली नोकरी, म्हटलं. तेवढ्यात ताईने पेटी उघडली, राजा हातावर चढवला आणि घोगऱ्या आवाजात सुरू, "बाईसाहेब, क्षमा! हा माझा गाडीवान. राज्यात याच्याइतका हुशार दुसरा नाही, म्हणून तर राज्याची ही दशा!" मिशी जागच्या जागी बरं का! बाई आधी थरथरल्या, मला वाटलं थंडीने, तर हसत होत्या! हसता हसता सगळं अंगण शिंपडून काढलं त्यांनी!

लागली नोकरी ताईला. पहिल्याच दिवशी बाईंनी एक अट मात्र घातली, "बाहुल्या आत. गाडीवान फाटकाबाहेर."

म्हणून रोज मी फाटकाबाहेर. तिथे पत्र्याचं छप्पर आहे आणि ते बरोबर माझ्या टाळूवर गळतं. खिळा वर आलाय, दिसतो मला! मुळाशी जावं असं फार वाटतं हो... परवा वॉचमन म्हणाला, "साहेब, जरा इकडे सरका, इथे नाही गळत."

सरकलो.