पिल्लं म्हणजे कुणाची?

कासवाची होय! अहो ताई, तुम्ही नुसतंच म्हणालात, ‘तुमच्या दिव्यापायी पिल्लं वाट चुकतात’ — मला काय ठाऊक कासवाची? मला वाटलं, माझ्याच पिल्लाची तक्रार घेऊन आलात. म्हणून तर बोलून गेले की संध्याकाळी थोडा वेळच एकटा असतो तो. एकटा म्हणजे अगदी एकटा नाही हो, सासूबाई असतात की. बसा ना, उभ्या का?

तर कासवं. अंड्यातून निघायचं आणि उजेड दिसेल तिकडे पळायचं — आणि पूर्वी उजेड म्हणजे समुद्रच, पाणी चकाकायचं ते, बरोबर? आता माझा बल्ब. म्हणजे त्यांना मीच समुद्र वाटते. बरं वाटलं ऐकून, घरात मला कुणी डबकंसुद्धा समजत नाही. परवा पायपुसण्यावर सुकून पडलेली होती काही, मुंग्या लागलेली — बेडूक समजून झाडून टाकली मी. वाईट झालं. पण हौसेनं लावलाय का हा बल्ब? ते पलीकडचं हॉटेल बघा, रोज कुणाचं तरी लग्न असल्यासारखी रोषणाई. आमचं पोर रांगायला लागलं, ते निघालं की त्या झगमगाटाकडे, पाण्याच्या कडेकडेनं, भरतीच्या वेळी. मी तिथंच, हॉटेलाच्या मोरीत ताटं घासत होते, खिडकीतून दिसला म्हणून वाचला. तेव्हापासून दारात उजेड ठेवते. जाळीआड बसून बल्बाकडे बघत राहतो, रडत नाही. कडी? हो, बाहेरून आहे. वाऱ्यानं दार आपटतं ना.

हॉटेलात सांगून आलात? चहा दिला असेल. विचार करतो म्हणाले असतील. आणि मी मात्र आजपासूनच दिवा घालवायचा. सासूबाईंना विचारू? त्या नणंदेच्या बाळंतपणाला — म्हणजे, येतीलच आता. नातवंड रांगायलाही लागलं असेल तिकडे. नवरा बोटीवर, बोट कुठं ते बोटीलाच माहीत.

बरं, घालवते दिवा. तुम्ही येता का बसायला, अंधारात, त्याच्यापाशी, मी कामावरून येईपर्यंत? …कासवांसाठी तर रात्रभर वाळूत बसता म्हणालात.

जाऊ द्या. निघा तुम्ही, मला उशीर होतोय. आणि ती हातातली बॅटरी इथं लावू नका, कुंपणाबाहेर गेल्यावर लावा — तो येईल मागं.