बाजूची सीट

चांगी विमानतळावर मुंबईच्या विमानाच्या चेक-इनच्या रांगेत मराठी ऐकू आलं, तशी कस्तुरीनं कानातला इअरफोन काढला. पुढे एक सून सासऱ्यांना निरोप द्यायला आली होती.

"बाबा, न्यूझीलंडच्या सहलीत मी तुम्हाला गाडी चालवू दिली नाही, त्याचा राग आहे ना अजून?"

"जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला सुनेनं बाजूला बसवलं! तेही पलंग अन् स्वयंपाकघर पोटात असलेल्या गाडीत!"

"म्हणजे आहेच."

"पहिल्या दिवशी होता. नसलेल्या ब्रेकवर पाय मारत होतो."

"दिसत होतं मला. त्यानंच जास्त भीती वाटायची."

"मग नॅशनल पार्कातला तो घाट लागला. तू वळणं घेत होतीस अन् मी खिडकीतून बघत होतो. बर्फाचे डोंगर, खाली नदी. पोरी, कसारा घाट इतक्यांदा चढलो, पण दरी कधी पाहिलीच नाही."

"एकदाही नाही?"

"मागे पन्नास माणसं बसलेली असायची. नजर रस्त्यावर. डोंगर पाहिला तो तुझ्यामुळे."

रांग पुढे सरकली. सून जागची हलली नाही.

"मुंबईहून नाशिकला घरी एसटीनंच जाणार, कसारा घाटातून. तिकीट काढून, खिडकीपाशी."

"ड्रायव्हरला काही शिकवायचं नाही हं, बाबा."

"तेवढं मात्र कबूल करत नाही."