दाउलो घाटातला देजाचा ट्रक आणि एकेचाळीस माणसे

मी मोंडो यालकुना, वय अंदाजे अठ्ठावन्न (जन्माची नोंद नाही, थोरली बहीण सांगते त्यावरून), धंदा कॉफीची बाग व डुकरे पाळणे, राहणार चुआवे, सिंबू प्रांत. आज शनिवारी सकाळी नऊ वाजता असारो चौकीत माझ्या पायांनी आलो आहे, मला कोणी आणलेले नाही. ट्रक ड्रायव्हर केमुंग यासाम याचे लायसन्स काल संध्याकाळपासून कॉन्स्टेबल केरेंगा यांच्या टेबलावर पडले आहे. ते त्याला परत मिळावे म्हणून, विचारलेले आणि न विचारलेलेही सांगतो, ते असे.

माझा मुलगा सिवी याचे लग्न असारो खोऱ्यातील जोसेफाशी ठरले. काल शुक्रवारी मुलीकडच्यांना देज पोचवायचे होते, चौदा डुकरे. त्यातली माझी पाच, बाकी भाऊबंदांची. आमच्याकडे ज्याचे डुक्कर तो डुकराबरोबर येतोच. देताना डुकराच्या शेजारी उभा राहतो आणि त्याचे नाव मोठ्याने घेतले जाते. त्याला घरी ठेवले तर तो जन्मभर बोलत नाही आणि त्याची पोरेही बोलत नाहीत.

ट्रक एका व्यापाऱ्याचा. केमुंग समुद्रकाठचा, वय चाळीसच्या आसपास, डोंगरात येऊन त्याला दोन वर्षे झाली. सकाळी साडेसहाला तो आमच्या दारात आला. डुकरे चौदा, माणसे दहा, त्याहून एकही जास्त नाही, असे तो स्वच्छ बोलला आणि बोटाने मोजून माणसे चढवली. मी हो म्हणालो. पण उरलेल्या एकतीस जणांना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते की पुलापुढच्या दुसऱ्या वळणामागे कॉफीच्या झाडांत बसा आणि पिसांचे मुकुट दिसू देऊ नका. तिथे चढ आहे, ट्रक माणसाच्या चालीने जातो, कोणीही मागून चढतो. आम्ही कायम असेच करतो. सगळे चढले. माझे आंधळे काका नीमे यांनाही दोघांनी उचलून वर दिले. ही सगळी व्यवस्था माझी होती. हे वाक्य कॉन्स्टेबलने पुन्हा सांगायला लावले, मी पुन्हा सांगितले.

बायका डाव्या बाजूच्या फळीला टेकून डुकरांच्या दोऱ्या धरून बसल्या होत्या. पुरुष उभे राहून गात होते, पाय आपटत होते. केमुंगने आतून दोनदा दार बडवले. तो ताल धरतोय असे आम्हाला वाटले.

दहाच्या सुमारास दाउलोच्या माथ्यावर, धुक्यात, ट्रक थांबला. केमुंग उतरला. प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन, न टेकवता, त्याने धग पाहिली, खाली वाकून नळ्या पाहिल्या. मग वर पाहिले.

"काका, दहा म्हणालो होतो ना?"

"वाटेत पोरं झाली," मी म्हणालो. सगळे हसले, तो हसला नाही.

"मधल्या दोन उतारांना मला वास येत होता."

"डुकरं आहेत बाबा, वास येणारच."

"डुकरांचा वास मला कळतो. हा ब्रेकचा आहे. आता दहासुद्धा नाहीत. सगळे उतरा. तासभर चाकं निवू देत, मग मी एकटा खाली नेतो."

त्यावर मी जे बोललो त्यातले थोडेच इथे लिहून घेतले आहे. वधूपक्षाची मांस शिजवायची तापल्या दगडांची भट्टी दुपारी उघडणार होती. उशिरा जाणे हा अपमान, आणि पावसाळी घाटातून पिसे भिजवत पायी जाणे त्याहून मोठा. मी म्हणालो, "नारळवाल्या, हा घाट माझ्या बापाने फावड्याने खणलाय. तू मला शिकवणार?"

"बापाने खणला, कबूल. त्याने ट्रक उतरवलाय का कधी?"

"मग डुकरं उतरव. माणसं बसतील."

आमच्यातलेच म्हातारे ओरडले की चालवलेले डुक्कर वाळते, शिवाय कालच धुऊन तेल चोळलेय. केमुंग म्हणाला, "डुकरं राहू देत. डुक्कर मेलं तर मी शिव्या खाईन. माणूस मेलं तर मी काय खाऊ?" मग त्याने किल्ली मोज्यात घातली आणि बांधावर बसून शेंगा सोलू लागला.

मी त्याला म्हणालो, चौकीत तक्रार देतो. तो म्हणाला, "द्या की. केमुंग यासाम. नीट लिहायला सांगा."

एवढ्यात माझी बायको अगाथा उठली. "पिसं तुमची आहेत, गुडघे माझे आहेत," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना चालणार आहे. तुम्ही भांडत बसा." ती उतरली तशा सगळ्या बायका उतरल्या. मग पुरुषांना बसून राहणे शोभेना. आम्ही मुकुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. नीमेकाकांना सिवीने पाठीवर घेतले. नवरदेव लग्नाला काकाला पाठीवर घेऊन निघाला आहे, हे काका वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

वळणे टाळणारी पायवाट आहे, तिने आम्ही निघालो. केमुंगने बजावले होते की रस्त्यावर यायचे नाही, त्याच्या पुढे जायचे नाही, वरच राहायचे. म्हणून पहिल्या वळणाच्या वर आम्ही त्याची वाट पाहत थांबलो. तासाभराने तो निघाला. पहिल्याच गिअरमध्ये, इतका सावकाश की मी वरून दोनदा ओरडलो, "सून म्हातारी होईल रे."

आम्ही पाचव्या वळणाच्या वर असताना खालून फुस्स असा आवाज आला आणि हॉर्न वाजू लागला, तो थांबेचना. ट्रक पळाला नाही, पण थांबतही नव्हता. उजवीकडे दरी. डावीकडे डोंगराला लागून रस्त्याच्या कामाची खडी पडली होती. त्याने ट्रक खडीत घातला. ट्रक तिच्यावर चढला, डोंगराला घासत गेला आणि टेकून उभा राहिला. डावी फळी पार फुटली. दगड हातभर आत आला.

त्या फळीला बायका टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यात अगाथा होती.

इथे कॉन्स्टेबलने पाणी दिले. मी म्हणालो तहान नाही, तरी प्यालो.

केमुंग खिडकीतून बाहेर आला, कपाळ खरचटलेले. "सगळे वरच आहात ना?" असे विचारून तो आम्हाला बोटाने मोजू लागला. एकेचाळीस भरले. पुन्हा मोजले, पुन्हा एकेचाळीस. सकाळी त्याच्या या बोटाचा मला राग आला होता. आता तिसऱ्यांदा मोजले असते तरी मी उभा राहिलो असतो.

डुकरांना खरचटलेही नव्हते. फुटल्या फळीतून ती उतरली आणि थेट खालच्या मळ्यात रताळी उकरू लागली. त्यांचा आरडाओरडा ऐकून खालच्याच वस्तीतून वधूपक्ष धावत आला. सगळ्यांनी मिळून डुकरे धरली. जोसेफा नवे कपडे घालून तयार होती, तिने सगळ्यात मोठे डुक्कर मागच्या तंगडीला धरून चिखलातून ओढत आणले. अगाथा म्हणाली, "ही आपली." देज तिथेच, रस्त्यावर, अडकलेल्या गाड्यांतल्या लोकांसमोर दिले. प्रत्येक नाव मोठ्याने घेतले. मळ्याच्या मालकाला एक डुक्कर दिले, त्याची तक्रार नाही. उलट पुढचे लग्न कधी, असे तो विचारत होता.

संध्याकाळी जादा माणसे नेल्याबद्दल केमुंगचे लायसन्स घेतले आणि व्यापाऱ्याने त्याला कामावरून काढतो म्हणून निरोप पाठवला. म्हणून लिहून घ्या की माणसे मी लपवली. त्याने ती उतरवली. ट्रक धडकला तेव्हा त्यात केमुंगखेरीज माणूस नव्हते. दंड असेल तो मला करा. माझी तक्रार मागे घेण्याचा प्रश्न नाही, मी ती दिलीच नव्हती, नुसती धमकी होती.

ड्रायव्हरशी काही नाते आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की काल सकाळी नव्हते. दुपारी भट्टीतले मांस वाटताना पाठीचा तुकडा मी त्याला दिला. आमच्याकडे तो सख्ख्या भावाला देतात. त्याने तो सगळा खाल्ला.

कॉन्स्टेबल म्हणाले की भावाचा जबाब कमी धरला जातो. तर अगाथाचा घ्या, ती बाहेर बसली आहे. तिचा पुरत नसेल तर बाकीचे एकोणचाळीस फाटकापाशी उभे आहेत. सगळे चालत आले आहेत.

हा मजकूर कॉन्स्टेबल केरेंगा यांनी मला समजेल अशा बोलीत सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे, शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत, त्याला माझी हरकत नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा केला आहे.