धुतलेली कुटकी

नाही, निरंजन, ‘आयोजकांकडून अनवधानाने’ असं मोघम लिहू नका. बी मी धुतलं. मी, रजनी पाठक, निवृत्त मुख्याध्यापिका, याच दोन हातांनी. तुमच्या वर्तमानपत्रात पहिलं वाक्य हेच आलं पाहिजे. बसा नीट, चहा येतोय.

आता क्रमानं सांगते. खकनारकडच्या कोरकू बाया आणि धूलकोटकडच्या बारेला बाया यांनी एकमेकींचं बियाणं पाहावं, रीत शिकावी म्हणून हा मेळावा. जागा माझं अंगण, कार्यक्रमपत्रिका माझी. धूलकोटच्या मालूबाईच्या गावात कुटकीचं, त्या बारीक भरडधान्याचं, बी सहा वर्षांपूर्वी संपलं — सगळीकडे कापूस, मका — आणि तिला ते परत हवं होतं. ते होतं फक्त खकनारकडच्या सोजरबाईकडे. एक शेणानं लिंपलेली टोपली, तेवढंच. ती आदल्या दिवशी सकाळी आली, टोपली माझ्याकडे ठेवून बाजारात गेली. मी झाकण काढलं आणि काय — राखच राख, वर कडुनिंबाचा पाला! प्रदर्शनात हे मांडायचं? काचेच्या बरण्या आणल्या होत्या मी, चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून तयार! मग काय, तीन पाणी धुतलं आणि गच्चीवर जुन्या पातळावर पसरलं, संध्याकाळी बरणीत भरलं. वाईट हेतू होता का? मुळीच नाही. सवय! तीस वर्षं मुलांची नखं तपासली मी. याच सोजरीला तिसरीत हातांना राख होती म्हणून वर्गाबाहेर — ते राहू द्या. ते लिहायचं नाही. किंवा... नाही, लिहा. बाहेर उभी केली होती मी तिला. त्या सकाळी घरी राखेत बी भरून आली होती ती पोर, हे मला परवा कळलं. चाळीस वर्षांनी!

तर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया जमल्या. सोजरबाईनं बरणी उचलली, बोटं घातली आणि एवढंच म्हणाली, ‘‘बाई, याले पानी लावलं? बी राखेत निजते. तुम्ही उठवून दिलं त्याले.’’ रागावली असती तर बरं झालं असतं, खरं सांगते. मी म्हटलं, पुन्हा वाळवू, पुन्हा राख घालू. तर म्हणे, वरून सुकलं तरी आत ओल राहते, भरून ठेवलं की बुरशी येणार. आणि लगेच पेरावं, तर तिचं डोंगरावरचं शेत अजून नांगरलेलं नाही! माझी कार्यक्रमपत्रिका भिंतीवर — दहा वाजून दहा मिनिटं, स्वागतगीत. कोण गाणार?

तेवढ्यात मालूबाई पुढे आली. चार दाणे दाताखाली धरले, कटकन चावले. ‘‘आतून टनक हाय,’’ म्हणाली, ‘‘उठलंच हाय तं कामाले लावू! माझं वावर नांगरून पडलं हाय, विहिरीले पानी हाय. सगळंच पेरू.’’ बाया हसल्या, पण सोजरबाई नाही हसली. अहो, सहज गोष्ट आहे का? ती ओंजळभर द्यायला आली होती, सगळं नाही! दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या जमातीच्या बाईच्या शेतात घरचं अखेरचं बी — ‘‘आन् तुह्या वावरात नाही उगवलं तं?’’ ती म्हणाली. मालूबाई म्हणते कशी, ‘‘तं दोघी मिळून बाईले धुवू!’’ माझ्यादेखत! मी शिस्त लावणार होते, पण — हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. तेव्हा कुठे सोजरबाईचे दात दिसले.

आता ठराव शब्दशः उतरवून घ्या. कुटकी धूलकोटला, मालूबाईच्या वावरात, दोन दिवसांच्या आत पेरायची. पेरणार सोजरबाई स्वतःच्या हातानं, धूलकोटच्या बाया शेजारी चालत शिकणार. पीक निम्मं निम्मं, आणि बी दोन्ही गावांत ठेवायचं, पुन्हा कधी एकाच टोपलीत नाही. ते भरताना राख मी चाळायची, आणि मला ते जमेपर्यंत माझ्या हाताला पाणी लागू द्यायचं नाही. मालूबाईनं हो म्हटलं. सोजरबाईनंही मान डोलावली. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी हात वर केला, आणि सोजरबाई म्हणाली, ‘‘बसा बाई, खाली बसा.’’ बसले.

झालं. वही मिटा, निरंजन. चहा निवला तुमचा; तसाच प्या आणि निघा.